प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस

प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस हा एडवर्ड डी. वुड, ज्युनियर (एड वुड) याने लिहिलेला, दिग्दर्शित व संकलित केलेला अमेरिकन कृष्णधवल चित्रपट आहे. त्याची निर्मितीही वुडचीच आहे. विज्ञानकथा आणि भयकथा यांचे मिश्रण असलेल्या ७९ मिनिटांच्या या चित्रपटाचे चित्रीकरण १९५६ साली झाले. मार्च १९५७ मध्ये तो प्रथम दाखविला गेला आणि १९५९ साली सर्वसाधारण प्रदर्शनासाठी बाहेर पडला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका विनोदी पुस्तकाने त्याला ‘आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट’ असा किताब दिला. तेव्हापासून वाईट चित्रपटांचा विषय निघाला की बहुधा पहिले नाव याचेच घेतले जाते. चित्रपटातील दोष उघड आहेत आणि ते कोणी नाकारीत नाही. मात्र ज्याला सर्वांत वाईट म्हणतात तोच चित्रपट सहा दशकांहून अधिक काळ लोक आवडीने का पाहतात, हा प्रश्न चित्रपटसमीक्षेत पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे.

कथानक

क्रिस्वेल हा भविष्यवेत्ता प्रेक्षकांना उद्देशून भाषण करतो आणि चित्रपट सुरू होतो. आपण भविष्यकाळातील घटना पाहणार आहोत असे तो सांगतो आणि लगेच त्याच घटनांविषयी भूतकाळात बोलू लागतो. येथूनच प्रेक्षकाला पुढील तासाभराचा अंदाज येतो.

परग्रहावरून आलेल्या प्राण्यांना पृथ्वीवरील मानवाची धास्ती वाटते. मानव फटाक्यापासून हातबॉम्बकडे, तेथून अणुबॉम्बकडे आणि अणुबॉम्बकडून हायड्रोजन बॉम्बकडे गेला आहे. यानंतर तो सूर्यप्रकाशाच्या कणांचाच स्फोट घडविणारे अस्त्र शोधून काढील आणि सूर्यप्रकाश जेथे जेथे पोहोचतो तेथवरचे सारे विश्व भस्मसात होईल, अशी त्यांची भीती आहे. पृथ्वीवरील सरकारांनी त्यांचे अस्तित्व मान्य करावे म्हणून केलेले आधीचे आठ प्रयत्न फसले आहेत. नवव्या योजनेत नुकत्याच मेलेल्या माणसांच्या पीयूषिका व पिनियल ग्रंथींना दूरवरून विद्युत् झटके देऊन त्यांना उठवायचे आहे. शीर्षकातील ‘प्लॅन नाइन’ ती हीच. या मृतांची फौज राजधान्यांवर चालून जावी असा बेत असतो, परंतु चित्रपटभर मिळून तीनच मृत उठतात: एक वृद्ध, त्याची पत्नी आणि एक धिप्पाड पोलीस निरीक्षक.

कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडो खोऱ्यातील एका स्मशानाजवळ राहणारा वैमानिक जेफ ट्रेंट, त्याची पत्नी पॉला, लष्करातील कर्नल एडवर्ड्‌स आणि पोलीस अधिकारी हार्पर यांना हळूहळू या प्रकाराचा सुगावा लागतो. ते परग्रहवासीयांच्या यानात शिरतात. तेथे इरॉस हा परग्रहवासी त्यांना पेट्रोलच्या डब्याचा दाखला देऊन त्या अस्त्राचा धोका समजावून सांगतो. बोलणे हातघाईवर येते, यानाला आग लागते आणि ते आकाशात स्फोट होऊन नष्ट होते. उठलेल्या मृतांचे सांगाडे होतात.

हायड्रोजन बॉम्बची पहिली अमेरिकन चाचणी १९५२ साली झाली होती आणि उडत्या तबकड्यांच्या बातम्या त्या काळी वर्तमानपत्रांत वरचेवर येत. परग्रहावरून कोणी येऊन मानवाला त्याच्या शस्त्रांबद्दल ताकीद देतो ही कल्पनाही नवी नव्हती. ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ (१९५१) या नामांकित चित्रपटाचा विषय हाच आहे. वुडने मात्र विचारी बोल परग्रहवासीयाच्या तोंडी घातले आणि ते ऐकून चिडलेल्या नायकाला त्याच्या अंगावर धावून जायला लावले. कोणाची बाजू घ्यावी हे प्रेक्षकाला कळेनासे होते. हा गोंधळ हेतुपूर्वक घातलेला आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण त्यामुळे हा प्रसंग इतर स्वस्त विज्ञानपटांहून वेगळा ठरला आहे.

लुगोसीची अखेरची दृश्ये

या चित्रपटाचे मूळ एका मृत्यूत आहे. ‘ड्रॅक्युला’ (१९३१) या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झालेला हंगेरियन नट बेला लुगोसी (१८८२–१९५६) हा उतारवयात विस्मृतीत आणि व्यसनात बुडाला होता. दुखण्यावरील औषधांचे व्यसन सोडविण्यासाठी १९५५ साली तो स्वतःहून रुग्णालयात दाखल झाला. मोठ्या स्टुडिओंनी पाठ फिरविली असताना त्याला काम देणारा माणूस म्हणजे एड वुड. वुडच्या ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’ (१९५३) व ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ (१९५५) या चित्रपटांत लुगोसीने भूमिका केल्या. वुडने त्याचे नाव वापरून घेतले, असा आक्षेप घेतला जातो. तो काही अंशी खराही असेल, परंतु त्या वर्षांत लुगोसीकडे दुसरे फारसे कोणी फिरकत नव्हते हेही लक्षात घेतले पाहिजे.

आणखी एका योजलेल्या चित्रपटासाठी वुडने लुगोसीची काही मूक दृश्ये चित्रित केली होती. एका दफनविधीत तो शोकाकुल उभा आहे, एका घराबाहेर येऊन फूल हुंगतो आहे, ड्रॅक्युलाचा झगा घालून झाडांमधून चालतो आहे, अशी ही दृश्ये आहेत. १६ ऑगस्ट १९५६ रोजी लुगोसी वारला आणि तो चित्रपट तेथेच थांबला. हाती असलेली ही काही मिनिटांची फीत वाया जाऊ द्यायची नाही असे ठरवून वुडने तिच्याभोवती एक संपूर्ण नवी कथा रचली. घराबाहेर पडलेला लुगोसी चौकटीतून निघून जातो, त्याची सावली तेवढी मागे राहते आणि वाहनाचा ब्रेक व किंकाळी ऐकू येते. वृद्धाच्या अपघाती मृत्यूचा प्रसंग एवढ्यातच उरकला आहे.

उरलेल्या दृश्यांत वृद्धाचे काम टॉम मेसन याने केले. मेसन हा वुडच्या पत्नीवर उपचार करणारा कायरोप्रॅक्टर होता. लुगोसीपेक्षा तो उंच होता आणि चेहऱ्यानेही जुळणारा नव्हता. म्हणून झग्याचे टोक नाकापर्यंत धरूनच तो चित्रपटभर वावरतो. झाडांमधून चालणाऱ्या खऱ्या लुगोसीचा तोच तुकडा मात्र अनेकदा जोडलेला आहे. जाहिरातींत लुगोसीचे नाव ठळक होते. प्रेक्षक त्याला पाहायला यावेत हा व्यापारी हेतू त्यात होताच. तरीही दफनविधीच्या दृश्यातील त्याचा चेहरा पाहताना हसू येत नाही. सबंध चित्रपटात खरा अभिनय म्हणावा असा हाच भाग आहे आणि तो संवादाविना आहे.

निर्मिती

निर्मितीला सुमारे ६०,००० डॉलर खर्च आला. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम त्या काळीही नगण्यच होती. पैसा आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. जे. एडवर्ड रेनल्ड्‌स हा बाप्टिस्ट पंथाचा गृहस्थ होता आणि धार्मिक चित्रपट काढण्याची त्याची इच्छा होती. आधी एक भयपट काढावा आणि त्याच्या नफ्यातून पुढचे चित्रपट काढावेत, असे वुडने त्याच्या गळी उतरविले. चित्रपटाचे मूळ नाव ‘ग्रेव्ह रॉबर्स फ्रॉम आउटर स्पेस’, म्हणजे अंतराळातून आलेले थडगेचोर, असे होते. थडगी उकरण्याचा उल्लेख पाखंडी वाटल्याने पैसा लावणाऱ्यांनी त्यास हरकत घेतली आणि आजचे नाव आले. काही कलावंतांना बाप्तिस्माही घ्यावा लागला. महाकाय टॉर जॉन्सनचा बाप्तिस्मा जलतरण तलावात झाला, असे सांगतात. रेनल्ड्‌स स्वतः चित्रपटात थडगे खणणाऱ्याच्या छोट्या भूमिकेत दिसतो. नफ्याचे चित्रपट काही निघाले नाहीत.

नटसंच वुडच्या ओळखीपाळखीतून जमला होता. व्हॅम्पायरा या नावाने गाजलेली मायला नुर्मी लॉस एंजेलिसमध्ये दूरचित्रवाणीवर भयपटांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करीत असे. तो कार्यक्रम बंद पडल्यावर ती या चित्रपटात आली. वुडचे संवाद म्हणायचे नाहीत म्हणून तिने मुकी भूमिका मागून घेतली, असे सांगितले जाते. टॉर जॉन्सन हा स्वीडनमध्ये जन्मलेला मल्ल होता. त्याच्या इंग्रजी उच्चारांमुळे निरीक्षकाचे संवाद कळणे कठीण जाते आणि मेल्यावर तो गप्प होतो हे त्याच्या पथ्यावरच पडते. कर्नलच्या भूमिकेतील टॉम कीन हा जुन्या काउबॉयपटांचा उतरणीला लागलेला नायक होता. नायकाचे काम करणाऱ्या ग्रेगरी वॉलकॉटला पुढे चित्रपटांत व दूरचित्रवाणीवर भरपूर कामे मिळाली, पण ओळख मात्र याच चित्रपटाने राहिली आणि तिचा त्याला बराच काळ संकोच वाटे. परग्रहवासी टॅनाचे काम करणाऱ्या जोआना लीने लवकरच अभिनय सोडला. पुढे ती दूरचित्रवाणीची लेखिका झाली आणि तिला लेखनासाठी एमी पुरस्कार मिळाला.

चित्रपटातील त्रुटींची यादी रसिकांना तोंडपाठ असते. विमानाचा चालककक्ष म्हणजे दोन खुर्च्या, मागे एक पडदा आणि भिंतीवर पडलेली मायक्रोफोनची सावली. स्मशानात माणसे पळू लागली की थडगी डुलतात. एकाच पाठलागात कधी दिवस असतो, कधी रात्र, कारण बाहेरचे चित्रीकरण दिवसा आणि स्टुडिओतले अंधारात झाले होते. अंगणातल्या खुर्च्या शयनगृहातही दिसतात. हार्पर हा अधिकारी भरलेल्या पिस्तुलाने दिशा दाखवितो आणि त्याच पिस्तुलाने अंगही खाजवितो. लष्कराच्या तोफा धडाडतात ती दृश्ये इतरत्र चित्रित झालेली जुनी फीत आहे. पार्श्वसंगीतही तयार साठ्यातून निवडलेले आहे.

उडत्या तबकड्या कागदी ताटल्यांच्या किंवा मोटारीच्या चाकांवरील झाकणांच्या केल्या होत्या, ही समजूत फार पसरली आहे. ती खरी नाही. बाजारात मिळणारी, जोडून तयार करावयाची प्लॅस्टिकची खेळणी दोऱ्याला टांगून ही दृश्ये घेतली होती. दोराही काही ठिकाणी दिसतो. आणखी एक गोष्ट टीकाकारांच्या ध्यानात क्वचितच येते. त्या काळच्या चित्रपटगृहांत चौकटीचा वरचा व खालचा भाग झाकून चित्र आडवे दाखविण्याची पद्धत होती. दूरचित्रवाणीवर मात्र पूर्ण चौकट दिसे. प्रेक्षकांनी नंतर टिपलेल्या चुकांपैकी काही झाकल्या जाणाऱ्या त्या भागातल्या आहेत. थडगी मात्र कशीही पाहिली तरी डुलतात.

प्रदर्शन

१५ मार्च १९५७ रोजी लॉस एंजेलिस येथील कार्लटन थिएटरात चित्रपट जुन्या नावाने दाखविला गेला. वितरक मिळून तो सर्वत्र लागायला दोन वर्षे गेली. त्याची कोणी विशेष दखल घेतली नाही, निंदाही झाली नाही. नंतर तो दूरचित्रवाणी वाहिन्यांना विकला गेला आणि मध्यरात्रीच्या रिकाम्या वेळांत दाखविला जाऊ लागला. झोप न येणाऱ्या प्रेक्षकांची एक पिढी या प्रक्षेपणांवर वाढली आणि पुढे मते पाठविणाऱ्यांमध्ये ही मंडळी असणे स्वाभाविक होते.

‘सर्वांत वाईट’ हा किताब

१९७८ साली हॅरी मेदवेद याने सहलेखकासह ‘द फिफ्टी वर्स्ट फिल्म्स ऑफ ऑल टाइम’ हे पुस्तक काढले. त्यातील पन्नास चित्रपटांत ‘प्लॅन नाइन’ नव्हता. वाचकांनी आपापली नावे कळवावीत असे आवाहन त्यात होते. आलेल्या मतांच्या आधारे हॅरी व त्याचा भाऊ मायकेल मेदवेद यांनी १९८० साली ‘द गोल्डन टर्की अवॉर्ड्‌स’ या पुस्तकात ‘प्लॅन नाइन’ला सर्वांत वाईट चित्रपट आणि एड वुडला सर्वांत वाईट दिग्दर्शक म्हणून जाहीर केले. अशा थट्टेच्या पुरस्कारांची तेव्हा लाटच आली. ‘गोल्डन रास्पबेरी’ पुरस्कार सुरू झाले ते लगेच पुढच्या, म्हणजे १९८१ साली.

हा किताब घ्यायला वुड हयात नव्हता. १९२४ साली न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात नौसैनिक म्हणून लढलेला हा माणूस १९६० नंतर चित्रपटांच्या मुख्य प्रवाहातून पूर्ण बाहेर फेकला गेला. पोटासाठी त्याने स्वस्त कादंबऱ्या आणि अश्लील लेखन केले. दारूचे व्यसन वाढत गेले. डिसेंबर १९७८ मध्ये भाडे थकल्यामुळे त्याला व त्याच्या पत्नीला हॉलिवूडमधील राहते घर सोडावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच, १० डिसेंबर रोजी, एका मित्राच्या घरी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. आपल्या नावाने महोत्सव भरतील, प्रेक्षक संवाद तोंडपाठ म्हणतील, यातले काही त्याला कळले नाही. ज्या थट्टेने त्याचे नाव जगभर झाले तिच्यातला एक डॉलरही त्याच्या हाती पडला नाही.

मूल्यमापन

हा चित्रपट खरोखरच सर्वांत वाईट आहे काय, यावर समीक्षकांत एकमत नाही. किंबहुना १९८० नंतर जसजसा तो अधिक पाहिला गेला तसतसे ‘नाही’ म्हणणारे वाढत गेले. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. खरा वाईट चित्रपट कंटाळवाणा असतो आणि कंटाळवाणे चित्रपट कोणाच्या लक्षात राहत नाहीत, त्यामुळे अशा याद्यांत ते येतच नाहीत. याद्यांत येतात ते पाहवणारे चित्रपट. ‘प्लॅन नाइन’मध्ये दर दोन मिनिटांनी काहीतरी घडते आणि ते सहसा अपेक्षेबाहेरचे असते.

दुसरा मुद्दा हेतूचा आहे. सुझन सॉन्टॅग हिने १९६४ सालच्या ‘कॅम्प’ या अभिरुचीवरील निबंधात भाबडे आणि मुद्दाम घडविलेले असा भेद केला होता. गंभीरपणे काही करायला जाऊन जे फसते त्याची गोडी वेगळी, आणि हसू यावे म्हणून वाईट केलेल्याची वेगळी. वुड पहिल्या वर्गातला आहे. त्याने प्रेक्षकाची चेष्टा केलेली नाही. विश्वाचा नाश, मृत्यू, माणसाचा उद्दामपणा अशा मोठ्या विषयांना त्याने टांगलेल्या खेळण्यांच्या आणि डुलणाऱ्या थडग्यांच्या बळावर हात घातला. जे. होबरमन या समीक्षकाने १९८० सालीच वाईट चित्रपटांवरील आपल्या लेखात वुडची गंभीरपणे चर्चा केली होती.

याच वर्गात मोडणारे दोन चित्रपट तुलनेसाठी सांगता येतील. ‘मॅनोस: द हॅंड्‌स ऑफ फेट’ (१९६६) हा टेक्सासमधील एल पासो येथे खतविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या हॅरल्ड वॉरन याने एका पटकथाकाराशी पैज लावून काढला. त्याच्या कॅमेऱ्यात एका वेळी जेमतेम अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण होई. ‘द रूम’ (२००३) या टॉमी विझोच्या चित्रपटाला तर ६० लाख डॉलर खर्च आल्याचे सांगितले जाते. तेथे पैशाची वाण नव्हती, पण फसगत त्याच जातीची आहे. याउलट ‘हेवन्स गेट’ (१९८०) हा त्या काळचा प्रचंड खर्चिक व अपयशी चित्रपट वाईट म्हणून गाजला तो तिकीटबारीवरील हिशेबामुळे, आणि पुढे अनेक समीक्षकांनी त्याला चांगला म्हटले. अपयशी आणि वाईट हे शब्द आपण सरसहा एकाच अर्थाने वापरतो, ते बरोबर नाही.

हिंदी चित्रपटांत या प्रकारचे लौकिक कांती शाह दिग्दर्शित ‘गुंडा’ (१९९८) या चित्रपटाला लाभले आहे. त्याचे यमक जुळविणारे संवाद महाविद्यालयीन तरुणांच्या तोंडी असतात. ‘शोले’वर बेतलेला ‘राम गोपाल वर्मा की आग’ (२००७) हाही वाईट चित्रपटांच्या चर्चेत हमखास येतो, मात्र त्याला ‘गुंडा’सारखे प्रेम मिळाले नाही. नामवंत दिग्दर्शकाकडून झालेली निराशा प्रेक्षक सहजी विसरत नाही. वुडकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती.

प्रभाव

रुडॉल्फ ग्रे याने वुडच्या परिचितांच्या आठवणी गोळा करून लिहिलेले चरित्र १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे टिम बर्टन याने ‘एड वुड’ (१९९४) हा चित्रपट काढला. जॉनी डेप वुडच्या भूमिकेत होता आणि लुगोसीच्या भूमिकेसाठी मार्टिन लॅन्डाउ याला साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. रंगभूषेचेही ऑस्कर याच चित्रपटाला मिळाले. खुद्द लुगोसीच्या वाट्याला हा पुरस्कार कधी आला नव्हता. वॉलकॉट या चित्रपटात एका छोट्या भूमिकेत दिसतो, म्हणजे त्याचा जुना संकोच तोवर बराच ओसरला असावा. समीक्षकांनी ‘एड वुड’ची स्तुती केली, तरी तिकीटबारीवर तो चालला नाही.

‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेच्या १९९१ सालच्या एका गाजलेल्या भागात मुख्य पात्रे उपाहारगृहात जागा मिळण्याची वाट पाहत ताटकळतात, कारण त्यांना नंतर ‘प्लॅन नाइन’ पाहायला जायचे असते. २००६ साली चित्रपटाची रंगीत आवृत्ती निघाली. २००९ साली विनोदी कलावंतांनी तो रंगमंचावरून जिवंत शेरेबाजीसह सादर केला आणि तो कार्यक्रम अमेरिकेतील अनेक चित्रपटगृहांत एकाच वेळी दाखविला गेला.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव वेगळ्याच कारणाने परिचित असते. युनिक्स ही संगणकप्रणाली जेथे निर्माण झाली त्या बेल लॅब्ज या अमेरिकेतील संशोधनसंस्थेने तिच्यानंतर विकसित केलेल्या प्रणालीला ‘प्लॅन नाइन फ्रॉम बेल लॅब्ज’ असे नाव दिले. त्या प्रणालीचे बोधचिन्ह असलेल्या सशाचे नाव ग्लेंडा आहे. तेही वुडच्याच ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’ या चित्रपटावरून घेतलेले आहे.